वर गेलेलं पारडं

खूप जुन्या काळी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, पूर्वेच्या मुलुखात एक गाव होतं. गावाच्या मागे उंच डोंगर, पुढे नदी आणि मधल्या उतारावर राळ्याची शेतं. राळे म्हणजे मोहरीएवढा पिवळा दाणा. आपल्या आज्या-पणज्याही त्याचा भात करायच्या. त्या गावात तर राळ्यावाचून चूल पेटत नसे. सकाळी पेज, दुपारी भात आणि पाहुणा आला की भाकरी.

गावची माणसं ताओ मानायची. ताओ म्हणजे वाट. पाणी उताराने जातं, ती पाण्याची वाट. रोप उजेडाकडे वळतं, ती रोपाची वाट. माणसानेही तसंच ओढाताण न करता जगावं, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणायला सोपं आहे. जगायला किती अवघड, ते बाळांनो आणि बाळांच्या आयांनो, या गोष्टीतल्या मेईला विचारा.

मेई त्या गावातली एक तरुण आई. तिचा नवरा मीठ लादलेले बैल घेऊन दूरच्या मुलखात व्यापाराला गेलेला. घरात म्हातारी सासू, मेई आणि तिची लहानगी मुलगी यान. यान म्हणजे त्यांच्या बोलीत पाकोळी. पोर होतीही तशीच, एका जागी म्हणून ठरायची नाही.

यानच्या आधी मेईला एक मुलगा झाला होता. पाऊल टाकायला लागला आणि पोटाच्या दुखण्याने गेला. तेव्हा मेईच्या पोटात जो गोळा आला, तो पुढे कधी विरलाच नाही. यान शिंकली की हिला ताप दिसायचा. यान झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालतोय ना. शेजारणी म्हणायच्या, "अगं मेई, पोरीला जरा वारा लागू दे. ती काय लोण्याची आहे, वितळायला?" मेईही त्यांच्याबरोबर हसायची. आणि घरी येऊन दार लावून घ्यायची.

आता त्या गावची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

थंडी सरून उन्हाळा लागला की पहिल्याच दिवशी नदीकाठच्या मोठ्या झाडाला तागडी टांगायची. त्या दिवसाला तुळेचा दिवस म्हणायचे. एका पारड्यात मूल बसवायचं आणि दुसऱ्यात राळे. प्रत्येक घरात आढ्याला एक थैली टांगलेली असायची, तिच्यात गेल्या वर्षीच्या तुळेला मुलाच्या वजनाइतके भरलेले राळे. आई ती थैली घेऊन यायची आणि पारड्यात रिकामी करायची. मूल वर्षभरात वाढलेलं असायचं, म्हणून मुलाचं पारडं खाली बसायचं. मग आई दुसऱ्या पारड्यात वरून मूठ मूठ राळे टाकायची आणि प्रत्येक मुठीला सगळं गाव म्हणायचं, "अजून, अजून." पारडी सारखी झाली की ते राळे मोठ्या हंड्यात जायचे आणि तेवढेच नवे राळे थैलीत भरून पुन्हा आढ्याला. हंड्यात सगळ्या मुलांच्या वजनाची एकच पेज शिजायची आणि ती सगळं गाव प्यायचं. दुसऱ्याच्या पोराचं ओझं आपण थोडंथोडं उचललं, अशी त्यामागची भावना.

डोंगरावर एका गुहेत एक म्हातारे बाबा राहायचे. एके काळी तेही याच गावात नांगर धरायचे. बायको गेली, मुलं आपापल्या संसाराला लागली, तेव्हा ते वर गेले आणि त्यांनी धान्य सोडलं. ताओच्या वाटेवरचे काही जुने लोक असं मानायचे की, माणसाच्या पोटात तीन किडे असतात. ते धान्यावर पोसतात. अधूनमधून आभाळात जाऊन माणसाच्या चुका सांगून येतात आणि मग वरून माणसाच्या आयुष्यातले दिवस कापले जातात. धान्य सोडलं की किडे उपाशी मरतात, अंग पाकळीसारखं हलकं होतं आणि माणूस झऱ्याच्या पाण्यावर, रानातल्या बियांवर, नुसत्या श्वासावर उदंड जगतो. बाबा बर्फावरून चालले तर पाऊल उमटत नाही, असं गुराखी सांगायचे. खरंखोटं त्या गुराख्यांनाच ठाऊक.

बाबा वर्षातून एकदाच खाली यायचे, तुळेच्या दिवशी. हंड्यातलं काही घेत नसत. मुलांना डोळे भरून बघायचे आणि परत जायचे.

एका सुगीत पाणवठ्यावर बायका बाबांच्या किड्यांविषयी बोलत होत्या. मेईने ते ऐकलं आणि तिच्या हातातली घागर तशीच राहिली. पोटातले किडे. दिवस कापतात. तिला तिचा मुलगा आठवला, पोट धरून रडणारा. त्याला शेवटी शेवटी आपणच तर पेज पाजत होतो, हेही आठवलं. ती तशीच उठली आणि डोंगर चढली.

बाबा गुहेच्या तोंडाशी उन्हात बसले होते. मेईने नमस्कार केला आणि खाली मान घालून विचारलं, धान्य सोडलं की किडे खरंच मरतात का. बाबा म्हणाले, जुनी माणसं तसं सांगतात. तुम्ही काय खाता, असं तिने विचारलं. बाबांनी सांगितलं: झाडाच्या बिया, एखादा कंद, आळंबीचं पाणी, कधी बोटभर मध. तिने ते मनात नीट घोकून घेतलं.

कुणासाठी विचारतेस, हे बाबांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. सांगितलं आणि ते नको म्हणाले तर, अशी तिला धास्ती होती.

त्या दिवसापासून यानची पेज बंद झाली आणि तिच्यापुढे बिया, कंद आणि बोटभर मध यायला लागला.

सासूने पहिल्याच सकाळी ओळखलं. ती म्हणाली, "सूनबाई, चिमणीलासुद्धा दाणा लागतो गं." मेईने सांगितलं की हा बाबांचा नेम आहे, पोरीच्या आयुष्यासाठी घेतलाय. नेमाचं नाव निघाल्यावर म्हातारीचं काही चालेना. आणि खरं सांगायचं तर भीती तिलाही होती. पहिला नातू तिच्याच मांडीवर गेला होता. तरी ती रोज चुलीपाशी पुटपुटायची, आमच्या वेळी नेम म्हातारे धरायचे, पोरं नुसती खायची. मेई ते कानाआड करायची. स्वतः मेईनेही धान्य सोडलं होतं. पोरीच्या तोंडचं काढून आपण कसं खायचं?

यान आधी रडली. शेजारच्या घरी भात शिजला की दारात जाऊन वास घेत उभी राहायची. मग एकदा तिने विचारलं, मलाच पेज का नाही. मेईने तिला मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, त्यात किडे असतात बाळा, ते तुझे दिवस खातात. यानने डोळे मोठे केले. त्या दिवसापासून ती शेजारच्या दारात गेली नाही. थोड्या दिवसांनी तिने मागणंही सोडलं. मेईला वाटलं, किडे मेले. भूकच संपली म्हणजे ते मेलेच असणार.

थंडी आली. पोरीच्या अंगावर कापूस भरलेल्या बंड्या चढल्या, एकीवर एक. गारठ्याने गाल लाल दिसायचे. आत काय उरलंय ते कुणालाच दिसत नव्हतं. मेई तिला कडेवर घ्यायची तेव्हा पोर दरवेळी हलकी लागायची आणि मेईच्या तोंडावर हसू यायचं. हलकी होतेय. बाबांसारखी हलकी. आता हिला कोण नेणार?

असा तो हिवाळा गेला.

तुळेचा दिवस उजाडला. सगळ्या पोरांच्या बंड्या उतरल्या. झाडाखाली गर्दी, हंड्याखाली जाळ. एक मूल बसवायचं, एक उतरवायचं. कुणाची आई हातातले राळे संपले की पदरातले काढायची. एक गुटगुटीत पोरगा बसला तेव्हा तर तागडीची दोरी करकरली आणि कुणीतरी म्हणालं, अरे याला बैलांच्या तागडीवर न्या. सगळे हसले. बाबा नेहमीच्या जागी दगडावर बसून बघत होते.

मग मेईने यानला पारड्यात बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात थैली रिकामी केली.

थैलीचं पारडं धाडकन खाली गेलं. यानचं पारडं वर गेलं, वर वर गेलं आणि फांदीपाशी डुलायला लागलं. यानने दोऱ्या धरल्या आणि खाली बघून ती खुदकन हसली. "आई, मी उडाले."

कुणीच हसलं नाही. "अजून" म्हणायला उघडलेली तोंडं तशीच मिटली. उन्हात पोरीचे हात दिसत होते, काटक्यांसारखे, आणि कोपराचं हाड.

ती खाली यायला हवी तर एकच करता येत होतं. मेईने हात घातला आणि पारड्यातले राळे काढायला सुरुवात केली. एक मूठ. दुसरी. आणखी एक. त्या गावात आईने राळे काढताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. काढलेले राळे कुठे ठेवायचे, त्याचीही रीत नव्हती. ते तिच्या पायाशी सांडत गेले. आणि प्रत्येक मुठीबरोबर मेईच्या डोळ्यांवरचं काहीतरी उतरत गेलं. गेल्या वर्षी हीच पोर या थैलीएवढी भरली होती. मग एवढी पोर गेली कुठे? शेवटी पारडी सारखी झाली तेव्हा मेई सांडलेल्या राळ्यांतच उभी राहिली आणि यानला सासूने उतरवून घेतलं.

बाबा दगडावरून उठून आले होते. त्यांनी पोरीच्या मनगटाभोवती दोन बोटं धरली. मग विचारलं, "हिला धान्य सोडायला कुणी सांगितलं?"

मेईने मान वर केली. "तुम्ही, बाबा."

बाबांचा चेहरा असा झाला की जवळच्या माणसाने त्यांना हात दिला. मग म्हणाले, "मी माझं ताट सांगितलं होतं, पोरी. कुणाचं मांडायचंय ते विचारायला हवं होतं. माझं चुकलं." पिकलेल्या कणसाचं पाणी तोडलं तरी चालतं, ते म्हणाले. कोवळ्या रोपाचं पाणी तोडून त्याला तप म्हणत नाहीत.

मेईचा बांध तिथे फुटला. पण रडायलाही वेळ नव्हता. सासूने हंड्यातली पातळ पेज वाटीत घेतली होती आणि फुंकून ती यानच्या ओठांशी धरली होती.

यानने तोंड घट्ट मिटलं.

सासूने विनवलं. शेजारणींनी गोडीगुलाबी केली. मेई गुडघ्यांवर बसली आणि पोरीला म्हणाली, बाळा खा, आता खायचं. यानने मान हलवली आणि ती आईच्या मागे दडली. "त्यात किडे आहेत," ती म्हणाली. "ते माझे दिवस खातात."

मेईला आता कळलं की आपण पोरीच्या पोटातलं धान्य काढलं आणि त्या जागी आपली भीती भरली. धान्य परत घालता येईल. भीती कशी काढायची?

तेवढ्यात बाबा खाली मातीत मांडी घालून बसले. त्यांनी सासूच्या हातातली वाटी घेतली. गावातली म्हातारी माणसं गडबडली, कारण बाबांचा नेम किती जुना आहे ते त्यांना ठाऊक होतं. एक जण म्हणाला, बाबा, एवढ्या वर्षांची कमाई जाईल. किडे वर जाऊन सांगतील.

"जाऊ दे की वर," बाबा म्हणाले. "सांगू दे, म्हाताऱ्याने एका पोरीबरोबर पेज प्यायली म्हणून."

आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली. पहिल्या घोटाला त्यांचे डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी जिभेला ती चव लागली होती. त्यात मीठ होतं, धूर होता, आणि कोण जाणे, कुणाच्या तरी हातचं जुनं जेवणही असेल. यान आईच्या मागून डोकावून बघत होती. बाबांनी घोट गिळला, ओठ पुसले. ती हळूच पुढे आली.

"चावले का?" तिने विचारलं.

बाबांनी पोटावर हात ठेवून जरा वेळ ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "छे. भूक लागली होती म्हणून कुरकुरत होतं ते. आता गप्प झालं."

यानने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. तिच्याही पोटात कुरकुरत होतं. तिने बाबांकडे बघितलं, वाटीकडे बघितलं आणि एक घोट घेतला. मग दुसरा. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसांनी श्वास सोडला, तो पानं हलल्यासारखा ऐकू आला.

गोष्ट इथेच संपली असती. पण आईचं मन असं एका दिवसात शहाणं होत नाही.

मेई आता दुसऱ्या टोकाला गेली. सकाळी पेज, वर भात, भाताच्या मागे भाकरी. हा घास आजीचा, हा बैलांचा, हा नदीचा. यान मान फिरवायची की मेईचा हात तिकडे फिरायचा. जिथे काढले होते तिथे राळे परत भरायचे होते तिला, आणि तेही आजच्या आज. एके दुपारी पोरीचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि खाल्लेलं सगळं बाहेर आलं. मेई तिला उचलून धावत डोंगर चढली. किडे परत आले, एवढंच तिला सुचत होतं.

बाबांनी यानला झऱ्याचं दोन घोट पाणी दिलं आणि सावलीत निजवलं. मग मेईला विचारलं, ती जेवते तेव्हा तू कुठे बघतेस?

मेई म्हणाली, वाटीकडे. किती उरलं ते.

"तिच्याकडे बघत जा," बाबा म्हणाले. "भूक लागली की ती वाटीकडे वळते, भागली की खेळाकडे वळते. तीच तिची वाट. तू आधी वाटीपुढे आडवी पडलीस, आता तिच्या मागे काठी घेऊन लागलीस. जरा बाजूला हो." आणि काठोकाठ भरलेला हंडा कुणाला उचलता येत नाही, थोडी जागा राहू द्यावी लागते, एवढं बोलून ते पुन्हा उन्हात जाऊन बसले.

बाजूला होणं हे मेईला डोंगर चढण्याहून कठीण गेलं. सासूने तिला युक्ती दाखवली. म्हातारी यानपुढे अर्धी वाटी पेज ठेवायची आणि सूप घेऊन राळे पाखडत बसायची, पाठ अर्धवट वळवून. यान थोडी प्यायची, थोडी सांडायची, उठून जायची. पुन्हा यायची. "अजून," म्हणायची. म्हातारी काही न बोलता पळीभर घालायची. मेई उंबऱ्यात बसून हात पदरात गुंडाळून घ्यायची, वाढायला धावू नयेत म्हणून. आणि एके दिवशी यानची वाट बघता बघता तिने स्वतःपुढेही वाटी ओढली. माय-लेकी समोरासमोर बसून जेवल्या. यानने आईच्या वाटीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "तुझे किडे काय म्हणतात?" मेई इतक्या दिवसांनी हसली की सासूच्या हातातलं सूप थांबलं.

पुढच्या उन्हाळ्यात झाडाला पुन्हा तागडी टांगली. मेईच्या हातात ती मागच्या वर्षीची हलकी थैली होती, आणि थैली रिकामी करताना सगळ्यांनी बघू नये असं तिला वाटत होतं. पण यान पारड्यात बसली आणि पारडं बदकन खाली गेलं. मेईने मूठ टाकली. गाव म्हणालं, "अजून." दुसरी टाकली. "अजून." ती टाकत राहिली, गाव म्हणत राहिलं, बाबाही म्हणत होते. यानचं पारडं हळूहळू उठलं आणि दोन्ही पारडी समोरासमोर आली.

मेईची आणखी एक मूठ भरलेली होती, हवेत.

"पुरे, आई," यान म्हणाली. "आता सारखं झालं."

मेई थांबली. तिने मुलीकडे बघितलं. मग मूठ बाजूला नेली आणि ते दाणे झाडाखालच्या चिमण्यांना टाकले. पोटातला तो जुना गोळा, आता नाही म्हणायला एका दाण्याएवढा उरला असेल. तेवढा आईच्या पोटात राहतोच.

त्या दिवसापासून बाबांनी आपला नेम थोडा बदलला. वर्षभर ते बिया आणि पाणी घ्यायचे, आणि तुळेच्या दिवशी खाली येऊन यानशेजारी बसून एक वाटी पेज प्यायचे. त्यांचे दिवस वरून कुणी कापले म्हणावं, तर ते यानचं लग्न बघूनही पुष्कळ जगले. आणि गावच्या आया तेव्हापासून मुलाला वाढताना आधी त्याच्या तोंडाकडे बघायला लागल्या, वाटीकडे मागाहून.

बोध: भीतीने वाढलेलं अंगी लागत नाही आणि भीतीने काढून घेतलेलं आयुष्य वाढवत नाही, ज्याची त्याची भूक ओळखून वाढावं, हीच अन्नाची सरळ वाट.